प्लेट चिनी वाटली तरी आधी पालथी करा

शुक्रवार पेठेत मावशीच्या वाड्यात सामान आवरताना फडताळातून एक प्लेट निघाली, मधोमध कुठल्यातरी गोऱ्या साहेबाच्या घराण्याचं चिन्ह, कडेनं गुलाबी फुलं, आणि मामा लगेच म्हणाले, अरे ही अडीचशे वर्षांची चिनी हाय, लाखात जाईल. नाही गेली. पॅरिसची निघाली. अशी एखादी तुमच्याकडंही असेल तर कसं बघायचं ते सांगतो.

आधी गोष्ट समजून घ्या. अठराव्या शतकात युरोपातली बडी घराणी आपलं चिन्ह कागदावर काढून चीनला पाठवायची आणि तिकडून अख्खा डिनर सेट जहाजानं यायचा. नंतर पॅरिसात १८४५ ला सॅमसनचा कारखाना निघाला, त्यांनी जुन्या चिनी, जर्मन, इंग्लिश सगळ्यांच्याच नकला केल्या आणि काम चाललं थेट १९६९ पर्यंत. म्हणजे सॅमसन म्हटलं तरी प्लेट दीडशे वर्षांची असेल नाहीतर साठ.

आता प्लेट पालथी करा. समोरच्या फुलांत अडकू नका, नक्कल करणाऱ्यानं सगळी मेहनत तिथंच घेतलेली असते. बुडाची कडा बघा, चिनी मालाला तिथं बहुतेक ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसतं आणि भट्टीत भाजताना आलेली तांबूस झाक दिसते, वर ग्लेझला संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. फ्रेंच माल जास्त एकसारखा, गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखा वाटतो. एका खुणेवर मात्र निकाल देऊ नका.

मग शिक्का. सॅमसनच्या चिनी नकलांवर लाल रंगात चिनी शिक्क्यासारखं काहीतरी असतं, नीट बघितलं की त्यात एस अक्षर लपलेलं सापडतं. साध्या डोळ्यांनी नाही दिसत, मी गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडून भिंग मागून आणलं, तो आधी हसला मग स्वतःच बघत बसला. शिक्का ग्लेझच्या वर असतो, त्यामुळं लबाड लोक घासून काढतात, बुडाला एकच जागा खरबरीत किंवा निस्तेज लागली तर तिथंच संशय घ्या. आणि इंग्रजी अक्षरात फ्रान्स नाहीतर चायना लिहिलेलं असेल तर माल बहुतेक १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

अजून एक घोळ. फ्रेंच विक्रेते अशा मालाला कॉम्पानी दे झांद, म्हणजे इंडिया कंपनी, म्हणतात, त्यात इंडिया आहे म्हणून आपल्याकडची वस्तू समजू नका, चीनहून ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांनी आलेल्या मालालाच ते नाव पडलंय.

तडा बघायचा तर माठ घेताना वाजवतो तसं बोटाच्या पेरानं हळू टिचकी मारा, बद्द वाजलं की तडा. रंग देऊन झाकलेली दुरुस्ती नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली बऱ्याचदा वेगळी चमकते.

धुताना कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस. मावशीनं पितळ घासायच्या पावडरीनं घासली आणि कडेचं सोनेरी काम अर्धं उडालं, एवढ्यावर मामा अजून पाहुण्यांना चिनी म्हणूनच दाखवतात.