स्पॅनिश क्रियापदं बोलताना या चुका टाळा

मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही. त्या सवयीने आपली मंडळी स्पॅनिशही सपाट बोलतात. नामं, विशेषणं निभावून जातात; क्रियापदं नाही. (खाली ज्या अक्षरापुढे ऽ, त्यावर जोर.)

पाऽगो म्हणजे मी पैसे भरते, पागोऽ म्हणजे तिने भरले. 'मी', 'ती' स्पॅनिशमध्ये बहुतेक वेळा बोलतच नाहीत, म्हणजे कर्ता आणि काळ दोन्ही त्या एका जोरावर. माद्रिदला शिकायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने घरमालकिणीला फोन केला. अनामत रक्कम मैत्रिणीने भरलीये, एवढंच सांगायचं होतं. ही म्हणाली पाऽगो. मालकिणीने खूश होऊन विचारलं, कधी? हिने तेच परत, आणखी मोठ्याने: पाऽगो! शेवटी बँकेची पावती पाठवल्यावर मिटलं. जोर म्हणजे आवाज चढवणं नव्हे हो; ते अक्षर किंचित लांबवायचं. मी टेबलावर टिचकी मारायला लावते. पोरं लाजतात, पण टिचकी चुकली की जीभ चुकलेली लगेच कळते.

लिहिताना तीच गत. शब्द स्वराने, एन किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. तसा नसेल तर तिल्दे, म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ, द्यायलाच हवं. 'मोबाइलवर कोण शोधत बसणार?' ओ दाबून धरा, मिळतं.

दुसरं दुखणं इआर आणि उआरने संपणाऱ्या क्रियापदांचं: 'मी'च्या रूपात शेवटचे दोन स्वर कधी एकत्र राहतात, कधी फुटतात. काम्ब्यारचं काऽम्-ब्यो, दोनच अक्षरं. पण एम्ब्यारचं एम्-बीऽ-ओ, तीन. कोन्तिन्वारचं कोन्-ति-नूऽ-ओ, चार. मूळ रूप बघून हे ओळखता येत नाही. ग्वारने संपणारी तेवढी कधी फुटत नाहीत: आबेरिग्वार, आ-बे-रीऽ-ग्वो. बाकीच्यांचं 'मी'चं रूप मूळ रूपासोबतच पाठ करा. तीन महिन्यांत स्पॅनिश हवं असणाऱ्यांना हे पटत नाही, आणि चौथ्या महिन्यात ते पुन्हा पहिल्या धड्यावर असतात.

आब्लार तोडताना आब्-लार नको, आ-ब्लार. जोडाक्षराआधीचं अक्षर जड करायची खोड आपली आहे, त्यांची नाही.

अपूर्ण भूतकाळात (ती बोलत होती, आम्ही बोलत होतो) आब्लाऽबा, तसंच आब्लाऽबामोस. जोर पुढे ढकलू नका.

दाऽमे (मला दे), दाऽमेलो (मला ते दे): शेपूट वाढलं तरी जोर जागचा हलत नाही. तिल्दे मात्र दुसऱ्यालाच.

फुए, द्यो, ब्यो ही एकाक्षरी, त्यांना तिल्दे नाही. 1959 पूर्वीच्या छपाईत दिसेल, तिथलं उतरवू नका.