परदेशी शिक्षणाची तयारी: कॅलेंडर उलटं धरा

परदेशात शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी विद्यापीठांच्या याद्या काढतात. त्याआधी कॅलेंडर काढा आणि वर्ग सुरू होण्याच्या दिवसापासून मागे मोजत या. समजा वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होणार आहेत. मग मे-जूनमध्ये व्हिसाचा अर्ज जायला हवा, म्हणजे एप्रिलपर्यंत पैशांची सोय कागदावर दिसली पाहिजे. अमेरिकेतल्या बऱ्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मुदत डिसेंबर-जानेवारीतच संपते, म्हणून इंग्रजीच्या आणि प्रवेशाच्या परीक्षांचे गुण ऑक्टोबरपर्यंत हातात हवेत. आणखी मागे गेलात की आदल्या वर्षीचा मार्च येतो. कामाला लागायचं ते तिथून. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही अनेक विद्यापीठांची शेवटची तारीख असते, पण तिच्यावर विसंबलात तर व्हिसासाठी वेळच उरत नाही.

अभ्यासक्रम निवडताना क्रमवारीपेक्षा प्रवेशाच्या अटी नीट वाचा. तुमच्या पदवीची वर्षं चालतात का, ठरावीक विषयांचे किमान क्रेडिट मागितलेत का? वैद्यक, कायदा किंवा वास्तुकला शिकणार असाल, तर पुढे जिथे काम करायचं आहे तिथे ही पदवी परवान्यासाठी धरतात का, हेही आधीच विचारा. सहा ते आठ अर्ज पुरतात. त्यातला ‘हमखास मिळेल’ असा अर्ज खरोखर जायची इच्छा आणि ऐपत असेल अशाच ठिकाणी करा, नाहीतर त्याचं शुल्क वाया. एजंटला बहुधा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, तेव्हा त्याच्या यादीत काय नाही तेही पाहा.

आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेचे पाच. फेरपरीक्षेची वेळ आली तर, म्हणून दोन महिने मोकळे ठेवा. फसगत होते ती विभागवार गुणांत. ‘आयईएलटीएसमध्ये एकूण ६.५, कुठल्याही विभागात ६ पेक्षा कमी नको’ अशी अट असेल, तर एकूण ७ मिळवूनही लेखनातल्या ५.५ मुळे अर्ज अडतो.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना दीड-दोन महिने आधी सांगा. सोबत तुमचा बायोडेटा आणि सगळ्या मुदतींचा एक तक्ता द्या. पत्र त्यांच्या संस्थेच्या ईमेलवरून गेलेलं बरं, खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्रावर शंका घेतली जाते. उद्देशपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारा निबंध, ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’) तपासायची सोपी युक्ती: विद्यापीठाचं नाव बदलून वाचा. तरीही परिच्छेद जसाच्या तसा चालत असेल, तर तो काढून टाका.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घोळ नावाचा. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि परीक्षेची नोंदणी या तिन्हींवर नाव अक्षरन्अक्षर सारखं हवं. फरक असेल तर दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र, आणि तेही अर्जाच्या आधी. काही ठिकाणी प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ती खरी मानली जावीत म्हणून दिलेला सरकारी शिक्का, लागतं. त्यात काही आठवडे सहज जातात.

आता पैसे. बरेच अर्ज इथे पडतात, आणि ते पैसे नसल्यामुळेच असं नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. मधल्या एकाच दिवशी शिल्लक खाली गेली, तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. जर्मनीसाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ या खास खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो काढता येतात. हे आकडे बदलत असतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पाहा. विनिमय दराच्या चढउतारासाठी दहा टक्के जास्त धरा. अचानक जमा झालेली मोठी रक्कम अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपते. ती कुठून आली याचा कागद जोडा. घराची अनामत, विमा, विमानाचं तिकीट आणि पहिला महिना हा खर्च शुल्काहून वेगळा मांडा. तिथे गेल्यावर नोकरी करून भागवू, हा हिशेब करू नका. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. त्यात जेमतेम जेवणखाण सुटतं.

व्हिसाचा अर्ज विद्यापीठाच्या कागदाशिवाय पुढे सरकत नाही: अमेरिकेसाठी आय-२०, ब्रिटनसाठी सीएएस, ऑस्ट्रेलियासाठी सीओई. सशर्त प्रवेश म्हणजे हा कागद नव्हे. अटी पुऱ्या झाल्याशिवाय ब्रिटनचं सीएएस निघत नाही, तेव्हा शेवटच्या सत्राचा निकाल लांबणार असेल तर विद्यापीठाला आधीच कळवा. अमेरिकेसाठी व्हिसाच्या मुलाखतीआधी सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीच्या सरकारी यंत्रणेचे ३५० डॉलर भरावे लागतात, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा जाताना अभ्यासक्रम सुरू व्हायला ३० दिवसांहून जास्त अवधी असेल तर देशात प्रवेश मिळत नाही. तिकीट त्या हिशेबानं काढा, व्हिसा हातात पडल्यावरच.

करार हाती येण्याआधी घराची अनामत पाठवू नका; शक्य असेल तर पहिले दोन आठवडे वसतिगृहात काढा आणि घर प्रत्यक्ष पाहा. मूळ कागद, प्रवेशपत्र आणि पैशांचे पुरावे हातातल्या बॅगेत असू द्या, कारण विमानतळावर ते मागितले जातात तेव्हा मोठी बॅग अजून पट्ट्यावर आलेली नसते. रोजची औषधं असतील तर मूळ घटकांची नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठीही तिथेच ठेवा. ब्रँडचं नाव दुसऱ्या देशात चालेलच असं नाही.