लिनक्स कर्नलला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. आता तो कुठवर पोचला हे कसं बघायचं?

कर्नलचं काम गिटहबसारखं पुल रिक्वेस्टच्या बटणावर चालत नाही. पॅच ईमेलने जातो, म्हणून 'मर्ज्ड' असा जांभळा शिक्का शोधत बसू नका. माग आपणच काढायचा.

आधी पॅच पोचला का ते बघा. लोर डॉट कर्नल डॉट ऑर्ग या संग्रहात पॅचचा विषय टाकून शोधा. सापडत नसेल तर बहुतेक वेळा मेल एचटीएमएलमध्ये गेलेली असते आणि सर्व्हरने ती दारातूनच परत धाडलेली असते. गिट सेंड-ईमेल ही आज्ञा वापरा, हा त्रास होत नाही. सापडला तर त्या पानाचा दुवा जपून ठेवा, पुढे पदोपदी लागतो.

मग पॅचवर्क ही पॅचची नोंद ठेवणारी साइट उघडा. तिथे पॅचपुढे स्थिती लिहिलेली असते. 'चेंजेस रिक्वेस्टेड' असेल तर चेंडू तुमच्या अंगणात आहे. 'सुपरसीडेड' बघून घाबरू नका, तुम्ही दुसरी आवृत्ती पाठवली की पहिलीचं तेच होतं. 'न्यू'वर मात्र फार विसंबू नका. काही मेंटेनर (आपापल्या विभागाचे पॅच तपासून घेणारे) पॅचवर्ककडे ढुंकूनही बघत नाहीत, काही विभाग तर तिथे नसतातच.

माझा पहिला पॅच म्हणजे एका ड्रायव्हरच्या कॉमेंटमधली स्पेलिंगची चूक. तिसऱ्याच दिवशी मी 'काय झालं?' विचारून मोकळा झालो. निदान आठवडाभर थांबायचं असतं, आणि मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायचा काळ) चालू असेल तर त्याहून जास्त. आठवण करायची ती त्याच मेलला उत्तर देऊन.

'अप्लाइड, थँक्स' आलं, म्हणजे पॅच मेंटेनरच्या ट्रीमध्ये, त्याच्याकडच्या कर्नल-कोडच्या प्रतीत गेला, एवढंच. तिथून लिनक्स-नेक्स्ट या एकत्रित चाचणीच्या ट्रीमध्ये, आणि पुढची मर्ज विंडो उघडली की लिनस टोरवाल्ड्सच्या मुख्य ट्रीमध्ये. उदाहरणार्थ, ६.११ आवृत्ती १५ सप्टेंबर २०२४ला आली, त्याच दिवसापासून दोन आठवडे विंडो होती, २९ला ६.१२-आरसी१ ही पहिली चाचणी आवृत्ती निघाली आणि पक्की ६.१२ थेट १७ नोव्हेंबरला. म्हणजे ऑगस्टमध्ये घेतलेली नवी सुविधा लोकांच्या हाती दिवाळी उलटल्यावर पडली. चूक-दुरुस्तीचे पॅच मात्र मधल्या आरसींमध्येही जातात.

शेवटी लिनसची ट्री ताजी करून गिट लॉगमध्ये आपल्या नावाने शोधा. तुमच्या मशीनवरचा हॅश (कमिटचा, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा, ओळख-क्रमांक) तिथे शोधू नका, मेंटेनरने पॅच लावला की तो बदलतो. मिळालेला नवा हॅश गिट डिस्क्राइबला 'कंटेन्स' पर्यायासह द्या. कमिट सर्वांत आधी कोणत्या टॅगमध्ये, म्हणजे कोणत्या आवृत्तीत आला, ते एका ओळीत समोर येतं.