जरीपटक्यात आलेल्या कुटुंबाला हात देताना आधी नावांची वही करा

पाकिस्तानातून नागपुरात आलेल्या सिंधी हिंदू कुटुंबाची जबाबदारी घेतली असेल, तर पहिल्या दिवशी गॅस, गाद्या आणि कूलरच्या मागे धावू नका. जरीपटक्याची वस्ती असो की खामल्याची, शेजारपाजारचे लोक ते दोन दिवसांत जमवतात. तुम्ही एक लांब वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला बसा.

हे सविस्तर सांगावं लागतं, कारण माणसं इथेच अडकतात. घरात ‘प्रकाश’ म्हणतात, पासपोर्टच्या इंग्रजी स्पेलिंगमधून ‘परकाश’ निघतं आणि शनाख्ती कार्डावरचं (पाकिस्तानी ओळखपत्रावरचं) उर्दू नाव वाचणारा तिसरंच काही वाचतो. पासपोर्टवर पुष्कळदा आडनाव नसतंच, नुसतं ‘लाल’ किंवा ‘कुमार’ असतं. आपल्याकडे शाळेचा लिपिक आधी आडनाव विचारतो. आई भोळेपणाने घराण्याचं ‘वानी’वालं आडनाव सांगते आणि ते जनरल रजिस्टरमध्ये चढतं. तेच पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर येतं. आधार केंद्रावर इंग्रजी नाव टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं. तिथे ‘दास’चं ‘दस्स’ झालं, तरी रांगेच्या घाईत कुणी पाहत नाही. पाचसहा वर्षांनी नागरिकत्वाच्या अर्जाला त्रुटी लागते, तेव्हा एकाच माणसाची चार नावं टेबलावर असतात. मग प्रतिज्ञापत्रं, फेऱ्या आणि रडारड.

म्हणून वहीत सहा रकाने करा: पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर, देवनागरी, सिंधी, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव. पासपोर्टवरचं नाव चुकीचं वाटलं, तरी इथल्या प्रत्येक कागदावर तेच घाला. आपल्या मनाने सुधारू नका. शाळा, बँक, दवाखाना, कुठेही जाताना त्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवा आणि सही करण्याआधी बोट ठेवून नाव जुळवा.

आता व्हिसा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले, पण हिंदूंना आधी मिळालेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहिले. त्यामुळे तुमच्याकडचं कुटुंब बहुधा आधीपासून इथेच असेल आणि तुमचं मुख्य काम मुदत सांभाळणं हेच आहे. वाढीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. मुदत संपायच्या दोन महिने आधी कागद गोळा करायला लागा. राज्यात फिरायला मोकळीक आहे, पण रायपूरला मावशीकडे लग्नाला निघालात तर ती राज्याबाहेर आहे. आधी परवानगी, मग तिकीट. यात सबब चालत नाही.

या व्हिसावर पॅन, आधार, वाहन परवाना निघतो. बँकेत मात्र एकच एनआरओ (अनिवासींचं साधं) खातं उघडता येतं. राहण्यासाठी एक आणि धंद्यासाठी एक जागा घेता येते, पण लष्करी छावणीच्या हद्दीत किंवा लगत नाही. जरीपटक्याहून छावणी असलेली कामठी जवळ पडते आणि तिकडे घर स्वस्त आहे म्हणून कुणी बयाणा द्यायला निघालं, तर तिथेच थांबवा.

मतदार कार्ड ‘महिन्यात काढून देतो’ म्हणणारा एजंट भेटेलच. त्याला दारातूनच परत पाठवा. नागरिकत्वाआधी ते कार्ड काढणं म्हणजे खोटं घोषणापत्र देणं, आणि तो गुन्हा आहे. माझं स्पष्ट मत आहे की या कामात सगळ्यात मोठा वडीलधारा हा सगळ्यात चांगला सल्लागार नसतो. गेल्या एकदोन वर्षांत ज्याचं नागरिकत्व झालं, त्याला गाठा. आता अर्ज ऑनलाइन आहे, आणि जुन्या अनुभवावर सांगितलेली वाट अर्ध्यात संपते.

३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी २०१९ च्या सुधारित नागरिकत्व कायद्याचा मार्ग आहे. त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. त्यात मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून चालतो, एवढ्यासाठी घाबरू नका. मूळ कागद टपाल खात्याचे अधिकारी प्रमुख असलेल्या जिल्हा समितीसमोर दाखवायचे असतात आणि शपथही तिथेच होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यावी लागते. सिंधी १९६७ पासून त्या यादीत आहे, तेव्हा आजीला मराठीच्या परीक्षेची धास्ती घालू नका.

बाळ नागपुरात जन्मलं म्हणून भारतीय होत नाही. आईबाप दोघेही अजून पाकिस्तानी नागरिक असतील, तर इथल्या डागा रुग्णालयात जन्मलेलं मूलही परदेशीच ठरतं. महापालिकेत २१ दिवसांत जन्मनोंद करा, वहीतलं स्पेलिंग देऊन, आणि परकीय नागरिक विभागालाही लगेच कळवा.

मुलांची शाळा थांबवू नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्माचा दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि प्रवेश वयाप्रमाणे मिळतो. दहा वर्षांचं पोर चौथी-पाचवीत बसतं, पण त्याने सिंधी शिकलेली असते बावन्न अक्षरांच्या अरबी लिपीत. वही समोर ठेवली की ते मागच्या पानापासून उघडतं आणि पेन उजव्या कोपऱ्यात टेकवतं. त्याला मतिमंद समजणारे शिक्षक भेटतात, त्यांना हे आधीच सांगा. पहिले पंधरा दिवस फक्त डावीकडून उजवीकडे रेघ, मग शिरोरेघ, मग त्याचं स्वतःचं नाव. ते वहीतल्या देवनागरी रकान्यातून उतरवून घ्या. ‘ळ’ची घाई करू नका.