परसात टर्फ करताय? आधी पाणी कुठून जाणार ते ठरवा

बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी टर्फ, म्हणजे प्लास्टिकच्या गवताचं मैदान, करायचं ठरलं की लोक पहिल्यांदा गवताचे नमुने घेऊन बसतात. ४० मिमी उंचीचं घ्यावं की ५०, एकरंगी की दुरंगी. या कामातली सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे गवत. ते खराब झालं तर उचलून दुसरं टाकता येतं. खालचा भराव खचला किंवा फुगला तर मात्र सगळंच उपसावं लागतं. नाशिक, सोलापूर, नगर, विदर्भ अशा काळ्या मातीच्या भागात तर काम तिथेच फसतं.

मापाचं पटकन सांगतो. क्रिकेटची पूर्ण खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फूट, आणि यष्टींमागे वेगळी जागा. घरी तो हट्ट सोडा. ६० बाय ३० फुटांत मुलांचं बॉक्स क्रिकेट (जाळीच्या आत खेळायचं) आणि छोटा फुटबॉल दोन्ही होतं. जाळीच्या खांबांचे खड्डे आणि त्यांचं काँक्रीट भराव घालण्याआधी उरकून घ्या.

आता खरं काम. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. या मातीवर चार इंच पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट) ओतून वर गवत चिकटवायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकू नका. काळ्या मातीवरचा एवढा पातळ थर तिच्याबरोबर वरखाली होतो आणि तडकतो. मुरमाड किंवा खडकाळ जमीन असेल तर पीसीसी चालेल, तरी त्यात पाणी जायला भोकं हवीत, आणि मुलांच्या गुडघ्यांचा विचार करायला हवा.

म्हणून काळी माती काढायची, किमान दीड ते दोन फूट, आणि त्या जागी मुरमाचा भराव घालायचा. पण कुदळ मारण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या खड्ड्यात उतरलेलं पाणी बाहेर कुठून पडणार? काळ्या मातीत खणलेला खड्डा हा हौदच असतो. खालून पाणी मुरत नाही, बाजूंनी जात नाही. खड्ड्याच्या तळापेक्षा खालच्या पातळीवर गटार, नाला किंवा शेतातला चर असेल तरच दोन फूट खाली जा. नसेल तर थोडंच खणा, भराव जमिनीच्या वर उचला आणि कडेने दगडी बांध घाला. दिसायला उंचवटा दिसेल, दिसू दे.

दुसरी गोष्ट उताराची. सगळे वरच्या थराला उतार देतात आणि खड्ड्याचा तळ सपाट ठेवतात. उतार तळालाच द्या. शंभराला एक, म्हणजे ३० फुटांच्या रुंदीत साधारण साडेतीन इंच, आणि तोही घराच्या पायापासून दूर जाणारा. नुसत्या नजरेवर विसंबू नका, पाण्याच्या लेव्हल नळीने तपासा. खालच्या बाजूला तळाशी छिद्रं असलेला चार इंची पीव्हीसी पाइप खडीत ठेवा, भोकं खाली करून, आणि भोवती जिओटेक्स्टाइल कापड (पाणी सोडणारं, माती अडवणारं) गुंडाळा. तेच कापड अख्ख्या तळावर अंथरा, म्हणजे काळी माती वर चढून मुरमात मिसळणार नाही. कापड महाग वाटतं म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरणारे मिस्त्री असतात. त्यांना थांबवा, त्यावर पाणी साचून राहतं.

मुरूम घेताना रंगावर जाऊ नका. बाटलीत मूठभर मुरूम आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर मातीचा जाड थर बसला तर ती गाडी परत पाठवा. चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका. एकदम फूटभर टाकून वरून रोलर फिरवला की वरचे चार इंच दाबले जातात आणि खाली पोकळ राहतं. ओल बरोबर आहे का हे मुठीत कळतं: दाबल्यावर लाडू वळावा, हाताला पाणी लागू नये, आणि टाकल्यावर त्याची दोन-तीन ढेकळं व्हावीत. भुगा झाला तर पाणी मारा, चिखल वाटला तर एक दिवस थांबा. कडेला रोलर पोचत नाही, तिथे धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर लावा. भराव मैदानाच्या बाहेरही दोन फूट न्या, कारण मातीची ओल सगळ्यात जास्त कडेलाच बदलते. त्याच कडेला मालकीणबाईंना गुलाबाचा वाफा हवा असतो. तो दुसरीकडे हलवायला सांगा.

यानंतरचा सल्ला कुणालाच आवडत नाही. भरावावरून एक पावसाळा जाऊ द्या. जानेवारी-फेब्रुवारीत खणा, मुरूम दाबा आणि थांबा. जिथे खचायचं तिथे पावसात खचेल. दसऱ्यानंतर ते खळगे भरून पुन्हा दाबा. उन्हाळी सुट्टीआधी मैदान हवं म्हणून एप्रिलमध्ये भेगाळलेल्या जमिनीवर घाईने काम उरकणारे लोक मग ऑगस्टमध्ये फोन करतात.

मुरमाच्या वर चार इंच खडी, त्यावर इंचभर कच (दगडाचा बारीक चुरा), उतार तोच. तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी फिरवून बघा. तिच्याखाली करंगळी शिरत असेल तर तिथे कच वाढवा. मग पाइपने पाणी मारा आणि कुठे साचतं ते बघा. ‘गवताखाली झाकून जाईल’ असं मिस्त्री म्हणेल. त्याला हो म्हणू नका.

गवताचे रोल आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवा. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. कडेचे मोकळे दोन-तीन टाके कापा आणि जोडाखाली फूटभर रुंद जोडपट्टी व दोन भाग मिसळून करायचा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद वापरा. दव असताना गोंद लावू नका.

पात्यांमधल्या भरणीला कोरडी सिलिका वाळूच वापरा, ५० मिमी गवताला चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो, ब्रशने घोळवत. नदीच्या वाळूत माती असते, त्यात तण उगवतं. रबराचा भुगा घरी टाळा. तो उन्हात तापतो आणि मोज्यांतून घरभर पसरतो.

मे महिन्याच्या दुपारी हे गवत अनवाणी पायांना भाजतं, त्यामुळे खेळ संध्याकाळी. उरलेला गवताचा तुकडा फेकू नका. दिवाळीत कुणीतरी फुलबाजी घेऊन येतंच आणि प्लास्टिकचं पातं वितळायला एक ठिणगी पुरते. तेवढा चौकोन कापून त्याच रोलचा तुकडा बसवला तर जोड दिसत नाही.