यंदाचा अंक तुम्ही काढताय, तर आधी नकाशा बघा

विभागाचा आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अंक यंदा तुमच्या गळ्यात पडलाय असं कळलं, म्हणून हे लिहून ठेवतोय. मागच्या अंकाच्या सातशे प्रती आम्ही सहा जणांनी मेसच्या टेबलावर बसून रात्री अडीचपर्यंत हाताने दुरुस्त केल्या. त्यामुळे ही यादी क्रमाने येणार नाही, जिथं पोळलंय तिथं जास्त बोलणार. संपादक मंडळ नेमा, ग्रुप काढा, हे सांगायची गरज नाही. ग्रुप निघालाही असेल. लेख एकही आला नसेल.

लेखांचं आधी उरकतो. लेखकांना सांगायची तारीख आणि तुमची खरी तारीख यांत तीन आठवडे ठेवा. ‘भारताचे परराष्ट्र धोरण : एक दृष्टिक्षेप’ अशा मथळ्याचा लेख आला तर प्रेमाने परत पाठवा. असे लेख दर वर्षी येतात आणि लिहिणारा सोडून कुणी वाचत नाही. विषय चिमटीत मावेल एवढा मागा. कांद्यावर निर्यातबंदी आली की ढाक्यातल्या बाजारात काय होतं? २००७ साली हापूस पुन्हा अमेरिकेत गेला, त्याआधी लासलगावच्या विकिरण केंद्राला कुठल्या तपासण्यांतून जावं लागलं? आपल्याकडे विकत घेऊन वाचणारी मुलं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतली, स्पर्धा परीक्षावाली. त्यांना दृष्टिक्षेप पाठ असतात. कांदा नवीन वाटतो.

आता नकाशा. गेल्या वेळी मुखपृष्ठकथा होती चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिकेवर. काश्गर ते ग्वादर, मध्ये खुंजेराब खिंड, गिलगिट-बाल्टिस्तानातून जाणारा रस्ता. लेख चांगला होता, अजूनही म्हणतो. मांडणी करणाऱ्या मित्राने नेटवरून एक देखणा नकाशा उतरवला, रंग बदलले, मुखपृष्ठावर टाकला. आम्ही सगळ्यांनी पाहिला, वा म्हटलं. चार वेळा प्रुफं वाचली. वेलांट्या पाहिल्या, नकाशा कुणीच पाहिला नाही. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी गठ्ठे आणायला गेलो तर बाइंडिंगवाले काका एक प्रत हातात धरून म्हणाले, “काय रे, काश्मीरचं डोकं कुणी छाटलं?”

नकाशात नियंत्रण रेषेवर तुटक रेघ होती आणि तिच्या वरचा सगळा भाग वेगळ्या रंगात. अक्साई चीन तिसऱ्याच रंगात. परदेशी संकेतस्थळावरचे बहुतेक नकाशे असेच असतात. आपल्याकडे फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम, १९६१ मध्ये १९९० साली घातलेली तरतूद सांगते की, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. विद्यार्थ्यांचा अंक आहे, कोण बघतंय, हे आम्हीही म्हणालो होतो. २०११ च्या मे महिन्यात ‘द इकॉनॉमिस्ट’ला याच कारणासाठी भारतातल्या २८,००० प्रतींवर पांढरे स्टिकर चिकटवावे लागले. एप्रिल २०१५ मध्ये ‘अल जझीरा’चं इथलं प्रक्षेपण नकाशापायी पाच दिवस बंद होतं. आणि खरं सांगायचं तर आम्हाला कायद्याची भीती कमीच होती. दुसऱ्या दिवशी अध्यक्षस्थानी निवृत्त कर्नल येणार होते, त्यांची जास्त होती.

मग अप्पा बळवंत चौकातून स्टिकरचे कागद, बरोबर नकाशाची छपाई, कात्री, पट्टी. मुखपृष्ठ झालं. अकरा वाजता कुणीतरी म्हणालं, आतल्या लेखातही तोच नकाशा आहे, पान २३. तेही केलं. साडेबाराला मलपृष्ठ उघडलं. एका क्लासच्या जाहिरातीत शिडीवर चढणारा मुलगा, आणि शिडीमागे भारताचा नकाशा. तोही छाटलेला. जाहिरात त्यांनी तयार करून दिलेली, आम्ही फक्त आकार मापला होता. एक वाजता एकीचं लक्ष आपल्या मास्टहेडमधल्या, म्हणजे अंकाच्या नावाच्या पट्टीतल्या, पृथ्वीगोलाकडे गेलं. शर्टाच्या बटणाएवढा गोल, त्यात आशिया खंड वर, भारत वेगळ्या रंगात. भिंगातून पाहिला. व्हायचं तेच झालं होतं. एवढ्याशा चित्राला स्टिकर कापता येईना, तेव्हा पंचिंग मशीनने पांढऱ्या टिकल्या पाडून लावल्या. विभागाच्या ग्रंथालयात ती प्रत आहे, जाऊन बघा. पृथ्वीच्या पोटावर टिकली आहे.

म्हणून : मुखपृष्ठ, आतली पानं, जाहिराती, मास्टहेड. चारही ठिकाणी. शिवाय अनुक्रमणिकेतली छोटी चित्रं, आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरने आपणहून रंगवलेला जगाचा नकाशा, आणि चित्रकार मैत्रिणीने ‘सहज’ हाताने काढलेला भारत. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप राहिलेत का तेही बघा, हाताने काढणारे ते हमखास विसरतात. नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्याच संकेतस्थळावरून उतरवा, आणि २ नोव्हेंबर २०१९ नंतरचा, ज्यात लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश आहे. कुणाच्या जुन्या प्रेझेंटेशनमधला नको. घाईत असाल तर एक सेकंदाची परीक्षा सांगतो : भारत अफगाणिस्तानला चिकटलेला दिसतोय का? आपल्या अधिकृत हिशेबाने ती सीमा १०६ किलोमीटर आहे, अफगाणिस्तानातल्या वाखानच्या चिंचोळ्या पट्टीला लागून. नकाशात ती नसेल तर पुढचं बघूच नका, फेकून द्या.

एका लेखकाने वाद घातला की प्रत्यक्ष ताबा कुणाकडे हे दाखवल्याशिवाय लेखाला अर्थ काय. मुद्दा खोटा नाही. पण ते मजकुरात लिहा. १९६३ साली पाकिस्तानने शक्सगामचं खोरं चीनला देऊन टाकलं, १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा ठरली, मार्गिका कुणाच्या ताब्यातल्या प्रदेशातून जाते, सगळं वाक्यांत सांगता येतं. बाह्य सीमारेषा मात्र सर्व्हेची.

मुद्रितशोधनाबद्दल. परकी नावांची एकच यादी करा आणि ती भिंतीला लावा. आमच्या एकाच अंकात चीनचे अध्यक्ष शी, क्षी आणि झी असे तीन होते. तुर्कस्तान, तुर्की, तुर्किये यांतलं एक ठरवा. मला तुर्कस्तान आवडतं, पण तो देश २०२२ पासून संयुक्त राष्ट्रांत तुर्किये म्हणून नोंदलाय, तर तेही चालेल. फक्त पान बदललं की देश बदलू नये. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि अर्धा र हमखास मरतो. ‘काराकोरममधल्या दऱ्या’ छापताना ‘काराकोरममधल्या दर्या’ झाल्या. डोंगरात आम्ही समुद्र आणला.

आकडे छपाईची प्लेट निघायच्या दिवशी पुन्हा तपासा, लेख आला त्या दिवशी नव्हे. नाटोचे सदस्य ३१ लिहून ठेवले आणि मार्च २०२४ मध्ये स्वीडन आत गेला की झाले ३२. जी-२० मध्ये २०२३ पासून आफ्रिकी महासंघ आहे, तरी ‘१९ देश आणि युरोपीय महासंघ’ हे वाक्य लेखांत भुतासारखं फिरतं. ब्रिक्स तर मोजतानाच वाढतो. हे काम एकाच माणसाला द्या, सगळ्यांना दिलं की कुणीच करत नाही.

मुलाखती. पुण्यात परदेशी विद्यार्थी भरपूर, त्यामुळे मोह होतोच. आम्ही एका अफगाण विद्यार्थ्याशी बोललो. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेत आल्यानंतर तो घरी गेलाच नव्हता, घरचे तिकडेच. तो चहा पिता पिता मोकळा बोलला, आम्ही सगळं उतरवून घेतलं, फोटोही काढला. छापायच्या आधी त्याला वाचायला दिलं, हे एकच काम आम्ही नीट केलं असेल. त्याने नाव, गाव, फोटो आणि भावाच्या नोकरीचा उल्लेख काढायला सांगितला. काढला. मुलाखत थोडी फिकी झाली, होऊ द्या. बोलणारा कॅफेत हो म्हणाला म्हणजे छापायला हो म्हणाला असं धरू नका. पूर्ण पान दाखवा, आणि वाचायला दोन दिवस द्या.

वकिलाती दिल्लीत, मुंबईत वाणिज्य दूतावास, पत्रोत्तराला महिना धरा. तिकडून कुणी पैसे देऊ केले तर हुरळून जाऊ नका, विदेशी योगदानाचा २०१० चा कायदा आहे, आधी सरांना विचारा. फोटो वृत्तसंस्थांचे उचलायचे नाहीत. मुक्त परवान्याचे घ्या आणि खाली श्रेय द्या.

छपाई : सेंटर पिन (मधोमध घडीवर पिन) असेल तर पानं चारच्या पटीत, मजकूर संपला म्हणून पान संपत नाही. कागद आधी हातात घेऊन बघा, ७० जीएसएमच्या मॅपलिथोवर गडद फोटो मागून दिसतो. कोटेशन तीन प्रेसची. मुद्रक, प्रकाशक, मुद्रणस्थळ ही ओळ छापलीच पाहिजे. जाहिरातीचे पैसे अंक निघायच्या आधी. नंतर फोन उचलत नाहीत. जाहिरातीतला नकाशा बघितला का?

विक्री : अभ्यासिका, पुस्तकांची दुकानं, विभागाचा दरवाजा. पाहुण्यांची गाडी, हार, पाणी. ग्रंथालयाला पाच प्रती. लेखकांना प्रत्येकी एक, दोन मागतात, देऊ नका.

अंतिम प्रुफावर दोघांच्या सह्या घ्या, एक मजकुरासाठी आणि एक फक्त नकाशासाठी. नकाशावाल्याने मजकूर वाचायचाच नाही. मास्टहेडमधला गोल आम्ही बदललाय, नवी फाइल विभागाच्या संगणकावर आहे. जुनीही तिथंच आहे आणि दोन्हींचं नाव सारखंच आहे, ते बदलायचं राहिलं. उघडून बघितल्याशिवाय टाकू नका.