टोळांच्या वासावर प्रोजेक्ट घेताय? कुठला टोळ, ते आधी ठरवा

मे २०२० मध्ये टोळधाड विदर्भात उतरली आणि मुंबईत टोळ आल्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या. तेव्हापासून एमएस्सीला कीटकशास्त्र घेतलेलं कुणी ना कुणी टोळांच्या फेरोमोनवर प्रोजेक्ट मागतंच. विषय भारी आहे, घ्याच. फेज (टोळाची एकलकोंडी किंवा समूहात राहणारी अवस्था) म्हणजे काय, फेरोमोन (किडे एकमेकांना इशारा द्यायला सोडतात ते वासाचं संयुग) म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला एका खड्ड्याबद्दलच बोलायचंय, कारण त्याचा धसका अजून गेलेला नाही.

खड्डा असा: सगळे पेपर एकाच किड्याबद्दल आहेत असं धरून वाचत जाणं. राजस्थानातून आपल्याकडे येतो तो वाळवंटी टोळ, शिस्टोसर्का ग्रेगारिया. ले कांग यांच्या गटाचा २०२० चा 'नेचर'मधला गाजलेला पेपर आहे स्थलांतरी टोळावर, म्हणजे लोकस्टा मायग्रेटोरियावर. त्यात ४-व्हिनाइलॅनिसोल हे संयुग टोळांना एकत्र खेचतं असं दाखवलंय. चार-पाच एकलकोंडे टोळ एकत्र ठेवले तरी ते सुटायला लागतं, शृंगिकेवरचा ओआर३५ हा ग्राही (वास टिपणारं प्रथिन) ते टिपतो आणि क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने तो ग्राही निकामी केला की ओढ कमी होते. पेपर इतका नेटका आहे की माणूस सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, बिनधास्त लिहितो, 'वाळवंटी टोळ या संयुगामुळे एकत्र येतात.' व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न तिथेच येतो.

आता फिनाइलअ‍ॅसिटोनायट्राइल हे दुसरं वासाचं संयुग घ्या. वाळवंटी टोळात ते समूहातले प्रौढ नर सोडतात. १९९० च्या दशकात ते एकत्र आणणारं मानलं गेलं, नंतरच्या प्रयोगांतून उलटं दिसलं: इतर नरांनी जवळ येऊ नये म्हणून ते असतं. स्थलांतरी टोळात तेच संयुग पक्ष्यांना इशारा देतं, कारण त्यापासून हायड्रोजन सायनाइड बनू शकतं. शिवाय दाटीत टोळ एकमेकांना खातात, तेही ते रोखतं (हा पेपर २०२३ चा, 'सायन्स'मधला). सिरोटोनिन या मज्जासंस्थेतल्या रसायनाची गत तर आणखी वाईट. वाळवंटी टोळात ते समूहवृत्ती आणतं, असं २००९ मध्ये दाखवलं गेलं. स्थलांतरी टोळात ते एकलकोंडेपणाकडे झुकवतं आणि समूहाकडे नेतं ते डोपामाइन हे तसंच दुसरं रसायन. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीआधी तीन गोष्टी लिहा: प्रजाती, वय, फेज. कंटाळा आला तरी लिहा.

आणखी एक, याच खड्ड्याचा कोपरा. वासाकडे ओढ असणं वेगळं आणि टोळाची वृत्तीच बदलणं वेगळं. वाळवंटी टोळाच्या मागच्या मांडीला वारंवार स्पर्श झाला तरी काही तासांत तो समूहात वागू लागतो. वाय-ट्यूबमध्ये (दोन फाट्यांपैकी एकात वास ठेवलेली Y आकाराची नळी) किडा डावीकडे वळला म्हणून 'टोळधाडीचं कारण सापडलं' असं लिहू नका. प्लीज.

रिव्ह्यू पेपर वाचून सिनॉप्सिस पाडणाऱ्यांवर माझा राग आहे. रिव्ह्यूमध्ये प्रजाती वाक्याच्या मध्येच बदलतात. मूळ पेपरचा मेथड्स विभाग वाचा, लोकलमध्ये उभ्याने वाचता येईल एवढाच असतो. गाईडबद्दलही सांगते. मोठं नाव असलेल्या, पण लॅबमध्ये न फिरकणाऱ्या सरांपेक्षा जीसी-एमएसचं (वासातली संयुगं वेगळी करून ओळखणारं) मशीन चालवणारे ताई-दादा दहापट उपयोगी. त्यांच्याशी नीट बोला, चहा पाजा.

आणि टोळ मिळत नाहीत म्हणून रडू नका. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत व्हेरोनिका रॉड्रिग्ज आणि ओबेद सिद्दीकी यांनी गंध ओळखण्यातले जनुकीय दोष फळमाशीत शोधले, तो पेपर १९७८ चा. तंत्र शिकायला झुरळंसुद्धा चालतात: जर्मन झुरळं त्यांच्या विष्ठेच्या वासाने गोळा होतात आणि त्यात आतड्यातल्या जीवाणूंचा हात असतो. टोळातही तसंच: वाळवंटी टोळाच्या आतड्यातले जीवाणू ग्वायाकॉल हे टोळांना एकत्र आणणाऱ्या वासातलं संयुग बनवतात. म्हणजे तुलना करायला विषय तयारच आहे, आणि मुंबईत झुरळांची टंचाई नाही. फक्त पावसाळ्यात प्रयोग लावताना हवेतली आर्द्रता दर वेळी नोंदवा, कंट्रोलमध्ये नुसता द्रावक ठेवा, आणि ट्यूबच्या दोन्ही बाजू आलटून पालटून वापरा. झुरळं खिडकीकडच्या उजेडापासून पळतात आणि तुम्ही त्याला वासाचा परिणाम समजून बसता.